कड झिजलेली

बावीस वर्षं माझी नोकरी एका वाक्याची :
हात लावू नका.
खटाव-माणच्या शाळांच्या सहली यायच्या साताऱ्याला,
पोरं तोफेच्या तोंडात डोकी घालायची,
नव्या नवऱ्या चिलखताला टेकून फोटो काढायच्या,
आणि मी स्टुलावरून, पेपरातून मान वर न करता,
हात लावू नका.
घरीसुद्धा निघून जायचं तोंडातून
बायको गच्चीत पापड घालायची तेव्हा.

मार्चमध्ये साहेबांनी मागचं दालन रिकामं केलं,
पाटी माझ्याच हातानं उतरवली.
चार स्क्रू. त्यातला एक गंजलेला, निघेचना.
शेवटी पाटी हिसकली, स्क्रू भिंतीतच राहिला.
शेजारी नवी पाटी आली, ठिपक्याठिपक्यांची,
जी मला वाचता येत नाही.
"आता म्हणायचं, भिंताडे : हात लावा."
म्हणून बघितलं एकटाच.
उसन्या चपलेत चालावं तसं वाटलं.

पहिल्या दिवशी कराडहून लोखंडेबाई आल्या.
पांढऱ्या काठीची घडी करून पिशवीत ठेवली.
घड्याळ, अंगठी, दोन पाटल्या
मी ट्रेमध्ये घेतल्या, पावती केली,
पुण्याहून आलेले हातमोजे पुढे केले.
"हे घालून मला दिसायचं कसं?"

तो आवाज!
कराड स्टँड, फलाट क्रमांक सहा, विटामार्गे आटपाडी.
थंडीची पहाट, मांडीवर तापलेलं पोर,
आणि पत्र्याच्या कर्ण्यातून हाच आवाज :
गाडी सुटण्याच्या बेतात आहे.
बोललो नाही काही.
मोजे खोक्यात परत ठेवले.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो,
हे मला सांगावं लागलं नाही.
"गाय. ही दुसरी. हा पडलाय.
ह्या बाया त्याला वर नेतायत ना?
काखेत हात घालून उचललंय,
सिव्हिलमध्ये आयाबाई उचलतात तसं.
वर पिंड."
मी पाठ म्हटलं : बारावं शतक, काळा पाषाण, दहिवडीजवळ सापडला.
संपलं असं वाटलं.
पण त्यांचा हात कडेवरून मागं गेला,
भिंतीकडच्या बाजूला,
जिथं मी फक्त फडकं मारतो, दिवाळीला.

"इथं काय झालंय?"
"ते खराब आहे. रजिस्टरला नोंद आहे : कड झिजलेली."
"झिजलेली नाही हो. झिजवलेली. बोट द्या."
माझं मनगट धरून त्यांनी बोट खाचेत ठेवलं.
गुळगुळीत. बाळाच्या टाळूसारखी.
"विळा," म्हणाल्या. "पाच खाचा. पाच घरच्या असतील.
खाली वीतभर दगड खडबडीत आहे, तेवढा पुरलेला.
म्हणजे ह्या चार कमरेशी येतात.
ही पाचवी बघा, किती खाली. पोरगी असणार.
आईबरोबर येत असेल कापणीला."

मी त्या दगडाशी बावीस वर्षं डबा खाल्ला आहे.

त्या पाटल्या चढवत होत्या तेवढ्यात रजिस्टर काढलं.
रकाना : वस्तूची स्थिती.
शाईला साहेबांची सही लागते,
पेन्सिलीला लागत नाही.
लिहिलं : विळ्यांच्या खाचा पाच. एक लहान.
नंतर वाटलं, 'लहान' म्हणजे काय ते कुणाला कळणार.
राहू दिलं.

दाराशी त्यांचा हात भिंतीवर थबकला.
"इथं एक स्क्रू वर आलाय, लागेल कुणाला."
"काढतो," म्हणालो. "जुन्या पाटीचा आहे."
"काय लिहिलं होतं पाटीवर?"

बाहेर पोवई नाक्याकडून हॉर्न वाजत होते.
साडेपाचची कराड धरायची असेल तर
निघायला हवं, म्हणालो,
गाडी सुटण्याच्या बेतात असेल.

त्या थांबल्या.
मग हसल्या.